सांगाडा आला, सांधे आलेच नाहीत (८५ सेंमीचं मॉडेल, ३ स्टार)

गोव्यात डिचोलीला अकरावी-बारावीच्या बायोलॉजीच्या ट्युशन घेतो. दरवर्षी सांध्यांचा धडा आला की फळ्यावर गुडघा काढायचो आणि पोरं तो बघून हसायची, म्हणून यंदा जूनमध्ये ऑनलाइन हा अर्ध्या उंचीचा प्लास्टिकचा सांगाडा मागवला, साडेचार हजाराला पडला. कुरियरवाल्याने बॉक्स हलवून विचारलं, "सर हातूंत कितें?" खरं सांगितलं तर तो दोन पावलं मागे सरकला.

चार महिने वापरून लिहितोय, अनबॉक्सिंगवाला रिव्ह्यू नाहीये हा.

आधी चांगलं. कणा मस्त आहे. मणक्यांच्या मधे खऱ्याखुऱ्या मऊ चकत्या दिल्यात, त्यामुळे कणा वाकतो, थोडा पिळतो आणि सोडला की परत जागेवर येतो. दोन मणक्यांमधली चकती म्हंजे कूर्चेचा (कार्टिलेजचा) सांधा, किंचित हलणारा, एकेका जागी हालचाल नगण्य पण अशा २३ चकत्यांची मिळून आपण खाली वाकून चप्पल उचलतो. हे पोरांना हातात देऊन दाखवता आलं, इथे पैसे वसूल.

आता रडगाणं. सांधे रचनेवरून ओळखायचे तर दोन हाडांच्या मधे काय आहे ते बघावं लागतं, तंतू आहेत की कूर्चा की द्रवाने भरलेली पिशवी. आणि ह्या सांगाड्यात कणा सोडला तर मधे काय आहे? स्क्रू. हुक. स्प्रिंग. म्हणजे हाडं पोचली, सांधे कंपनीकडेच राहिले.

कवटी बघा. वरची टोपी काढता यावी म्हणून आडवी कापलीय, ठीकाय, पण पोरांना तोच सांधा वाटतो! खरे शिवणीसारखे नागमोडी सांधे नुसते काळ्या रंगाने काढलेत, तेही एका बाजूला पुसट. एका पोरीने विचारलं की सर हे हलत नाहीत तर सांधे कशाला म्हणायचं, बरोबर प्रश्न होता. तिला म्हटलं तुझ्या घरी लहान बाळ असेल तर आज्जी टाळूवर तेल थापते ना, ती मऊ टाळू म्हंजे हाडं अजून जवळ यायचीत, मधे नुसता तंतूंचा पडदा आहे. दीड वर्षाच्या आसपास टाळू भरते, शिवण घट्ट होते आणि मग तो अचल तंतुमय सांधा. दातांचं तर कुणाला पटतच नाही, दात हाड नाही तरी जबड्याच्या खाचेत तो तंतूंनीच बांधलेला असतो म्हणून तोही तंतुमय सांध्यात धरतात. मॉडेलमध्ये दात आणि जबडा एकाच साच्यातून काढलेत, विषय संपला.

हात सगळ्यात वाईट. कोपराखालची दोन्ही हाडं वर-खाली स्क्रूने पक्की केलीत, तळवा उलटा-पालटा होतच नाही. आमच्याकडे आदोळीवर (विळीवर) नारळ खोवताना बघा, कवड (नारळाची अर्धी वाटी) फिरवायला मनगटाबरोबर कोपराखालचा अख्खा हात फिरतो, अंगठ्याकडचं हाड करंगळीकडच्या हाडावरून आडवं जातं. तो खुंटीचा सांधा. मान हलवून 'नाही' म्हणताना पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो तोही तसलाच, पण इथे मान पण फिक्स. आणि पंजा एकसंध ओतीव! अंगठ्याच्या बुडाशी खोगीर सांधा असतो, ज्याच्यामुळे आपण मुठीत काहीही धरतो, तो दाखवायला शेवटी डब्यातले ते वाकलेले बटाट्याचे वेफर आणले, एकावर एक ठेवून पुढेमागे आणि डावीउजवीकडे सरकवले. ३० रुपयांत काम झालं, नंतर खाल्ले पण.

गुडघा बोल्टवर आहे, दारासारखा उघडतो-मिटतो. अकरावीच्या पुस्तकात गुडघा बिजागरीचा म्हणून दिलाय तेव्हा परीक्षेपुरतं चालेल, पण खुर्चीत बसून गुडघा दुमडा आणि पाऊल आत-बाहेर फिरवा, नडगी थोडी फिरते की नाही? आता पाय सरळ ताठ करून, मांडी न फिरवता करा, नाही फिरत. नुसती बिजागरी असती तर हे झालंच नसतं. खांदा उलट भलताच सैल, हात गरगर गोल फिरतो पंख्यासारखा, कारण त्याला धरून ठेवणारे स्नायू आणि पिशवी नाहीत. तरी एका अर्थाने बरंच झालं, खांद्याची वाटी किती उथळ आणि कमरेची किती खोल हे शेजारी-शेजारी दिसतं. दोन्ही उखळीचेच, पण माडावर चढणारा पाडेली अंगाचा भार पायांवर तोलतो आणि हात हवा तिकडे पोचवतो, दोघांची कामं वेगळी. निखळतो जास्त तो खांदाच.

एक गोंधळ मात्र मॉडेलमुळे नाही, पुस्तकामुळे होतो. पोरं पाठ करतात की तंतुमय म्हंजे अचल, कूर्चेचा म्हंजे किंचित हलणारा, सायनोव्हियल (द्रवाच्या पिशवीचा) म्हंजे मोकळा. ढोबळ ठीक. पण घोट्याच्या वर नडगीची दोन हाडं तंतूंनी बांधलेली असून जराशी हलतात, आणि वाढत्या पोराच्या लांब हाडाच्या टोकाजवळची कूर्चेची पट्टी अजिबात हलत नाही. मधे काय आहे आणि किती हलतं हे दोन वेगळे प्रश्न, एकाचं उत्तर दुसऱ्याला चिकटवू नका. हे मी आता सांगाडा हातात घेऊनच सांगतो, कारण ह्यात मधे काहीच नसताना सगळं हलतं किंवा काहीच हलत नाही.

पावसाचं: गोव्यात राहता तर ऐका, जुलैपर्यंत हुक गंजले, खांद्याकडून तांबडे ओघळ आले. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर म्हणे कोरड्या जागी ठेवा. जुलैत डिचोलीत कोरडी जागा कुठे असते ते त्यानेच दाखवावं.

बारावी-नीटवाल्यांनी घ्यावं, हाडांची नावं पाठ करायला चांगलंय. फिजिओथेरपीवाल्यांनी पूर्ण उंचीचं आणि हात-पाय सुटे असलेलंच बघा. जबड्याची स्प्रिंग चवथीच्या (गणपतीच्या) सुट्टीत तुटली, बॉलपेनातली काढून बसवलीय, तोंड आता आधीपेक्षा बरं मिटतं.