दहावीनंतरची कल चाचणी: एका समुपदेशन केंद्राचा अनुभव

मुलीची दहावीची परीक्षा संपली आणि अकरावीच्या शाखेवरून घरात रोज खटके उडू लागले, तेव्हा पुण्यातील एका समुपदेशन केंद्रात आम्ही तिची कल चाचणी करून घेतली. चाचण्या, लेखी अहवाल आणि समुपदेशक बाईंबरोबर दोन भेटी, असे सगळे मिळून साडेचार हजार रुपये शुल्क होते. 2016 साली राज्य मंडळाने दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलचाचणी सुरू केली, त्या वर्षी माझ्या पुतण्याने ती शाळेत दिली होती. त्या चाचणीतून त्याची आवड तेवढी कळली होती. येथे आवड आणि क्षमता स्वतंत्रपणे तपासतात, हे आम्हाला अधिक पटले.

चाचण्या सकाळी नऊ ते साडेबारा चालल्या. भाषा, आकडेमोड, तर्क, यंत्रांची समज आणि आकृत्या असे क्षमतेचे भाग घड्याळ लावून घेतले जातात, तर अभिरुचीच्या प्रश्नावलीला वेळेचे बंधन नसते आणि तिच्यात चूक-बरोबर असेही काही नसते. आकृत्यांच्या भागात उलगडलेल्या कागदाचे चित्र दिलेले असते आणि त्याची घडी घातल्यावर कोणता ठोकळा तयार होईल, ते ओळखायचे असते. घरी आल्यावर मुलीने वहीचे पान फाडून तो ठोकळा मला करून दाखवला. गणिताला कंटाळलेली ही मुलगी त्यात अर्धा तास रमलेली पाहून मला अहवालाची उत्सुकता वाटू लागली.

अहवाल मात्र निराशाजनक निघाला. बावीस पानांपैकी जेमतेम चार पाने तिच्याविषयी होती. बाकीचा मजकूर कोणाच्याही मुलाला लागू पडावा असा, आणि तोही फक्त इंग्रजीत. भाषिक क्षमतेपुढे 62 हा आकडा पाहून माझ्या पत्नीचा चेहरा उतरला, कारण तिने ते गुण समजले. वास्तविक तो शतमक होता, म्हणजे तुलनेच्या गटातील शंभरांपैकी सुमारे 62 मुलांपेक्षा तिची कामगिरी सरस होती. एवढे एक वाक्य पहिल्या पानावर छापणे केंद्राला अवघड नव्हते. तुलनेचा गट नेमका कोणता, हे तर विचारल्याशिवाय सांगितलेच नाही.

शुल्क वसूल झाले ते पहिल्या भेटीत. बाईंनी प्रथम चाळीस मिनिटे मुलीशी एकटीशी बोलणे केले आणि आम्हाला बाहेर बसवले. (बाहेरच्या बाकावरचे सगळे पालक एकमेकांच्या मुलांची टक्केवारी विचारत होते, मीही त्याला अपवाद नव्हतो.) आत बोलावल्यावर त्यांनी मला विचारले, "तुम्ही बँकेत दिवसभर नेमके काय करता, हे तिला कधी सांगितले आहे का?" मुलीला एवढेच ठाऊक होते, की मार्चमध्ये बाबा उशिरा येतात आणि चिडचिड करतात. ज्या मुलीने घरातलाच व्यवसाय जवळून पाहिलेला नाही, तिने अहवालाच्या यादीतले एकतीस व्यवसाय वाचून निवड कशी करावी, हा त्यांचा प्रश्न मला निरुत्तर करणारा होता.

मुलीला गणित सोडून कला शाखेत जायचे होते. बाईंनी तिला विरोध केला नाही. मात्र आकृत्यांमधील तिचा शतमक 91 असल्याचे दाखवून, वास्तुविशारद व्हायचे असेल तर बारावीला भौतिकशास्त्र व गणित लागते, नाटासारखी वास्तुकलेची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि अभ्यासक्रम पाच वर्षांचा असतो, हे सांगितले. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका करून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, हेही त्यांनीच सांगितले. अहवालात त्याचा उल्लेखही नव्हता. शाखा ठरवण्याआधी किमान तीन कामाच्या जागा पाहून या आणि तेथे प्रश्न मुलीला विचारू द्या, एवढीच आम्हा दोघांना ताकीद होती.

त्यानुसार ती एक दिवस माझ्या बँकेच्या शाखेत बसली आणि दुपारपर्यंत कंटाळली. भोसरीतील मामाच्या कारखान्यात तिला यंत्रापेक्षा कागदावरचे रेखाटन पाहायला अधिक आवडले. शेजारच्या वास्तुविशारद काकूंनी तिला चालू बांधकामावर नेले. तिथे उन्हात तीन तास उभे राहून आल्यावरही ती जिन्याच्या पायऱ्यांची उंची कशी ठरवतात हेच सांगत होती.

दुसरी भेट महिन्याच्या आत देण्याचे आश्वासन केंद्राने पाळले नाही. चार वेळा फोन केल्यावर ती सव्वा महिन्याने मिळाली, तोवर अकरावीच्या अर्जात पसंतिक्रम भरायची वेळ आली होती. ज्यांना जायचे असेल, त्यांनी निकालानंतरच्या गर्दीत न जाता दहावीच्या दिवाळीच्या सुट्टीत चाचणी करून घ्यावी आणि दोन्ही भेटींच्या तारखा शुल्क भरतानाच लिहून घ्याव्यात. दुसऱ्या भेटीला मुलगी नऊ प्रश्न लिहून घेऊन गेली होती. त्यांतला एकही मी सुचवलेला नव्हता, आणि या वेळी बाहेर थांबा असे आम्हाला तिनेच सांगितले.