लंडन टू ब्राइटन: केलीला माफी न देणारा सिनेमा

रात्रीचे 3 वाजून 7 मिनिटं. लंडनमधलं एक कळकट सार्वजनिक स्वच्छतागृह. धाडकन दार उघडून दोघी आत घुसतात. केलीचा एक डोळा सुजून काळानिळा पडलाय. जोॲन अकरा-बारा वर्षांची. रडून रडून तोंडावरचा मेकअप पार पसरलाय. मुळात एवढ्या पोरीच्या तोंडावर हा मेकअप आला कुठून? दिग्दर्शक पॉल अँड्र्यू विल्यम्स याचं उत्तर लगेच देत नाही. 2006 चा हा त्याचा पहिलाच पूर्ण लांबीचा सिनेमा आणि त्या वर्षी एडिंबरा चित्रपट महोत्सवात त्याला नव्या दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला.

दोघींचं समुद्रकाठच्या ब्राइटन शहराला पळणं आणि आदल्या रात्रीचा प्रकार आलटून पालटून दिसत राहतो. डंकन ॲलन नावाच्या म्हाताऱ्या गुंडाला कोवळी मुलगी हवी असते. दलाल डेरेक ते काम त्याच्यासाठी धंदा करणाऱ्या केलीवर टाकतो. केली जाते, रस्त्यावर भीक मागणारी जोॲन तिला सापडते, आणि ती पोरीला घेऊन येते. आता डंकनचा मुलगा स्टुअर्ट त्यांच्या मागावर आहे.

केलीनंच तिला आणलं. सिनेमा हे एका क्षणासाठीही विसरू देत नाही, आणि मला तो मोलाचा वाटतो तो यामुळेच. तिकिटाच्या पैशांसाठी केली त्याच रात्री सुजल्या डोळ्यानं पुन्हा गिऱ्हाईक शोधते, पोरीसाठी जिवावर उदार होते. तरी तिला कोणी देवी करत नाही. लॉरेन स्टॅन्लीनं ही बाई एकही अश्रू वाया न घालवता उभी केलीय. पाप आणि माया एकाच चेहऱ्यावर इतकी लख्ख मी क्वचितच पाहिली.

घरातून पळून आलेल्या मुलांसोबत मी काही वर्षं काम केलंय. ती मोठ्यांसारखी तोऱ्यात बोलतात, पैशांचा आकडा ऐकला की डोळ्यात हिशेब दिसतो, आणि पुढच्याच क्षणी कुणाच्या तरी हाताला घट्ट धरून बसतात. जॉर्जिया ग्रूमची जोॲन अगदी तशी आहे. जॉनी हॅरिसचा डेरेकही खरा: दुबळ्यांवर गुरगुरणारा आणि स्टुअर्टसमोर उंदीर झालेला.

चित्रीकरण म्हणे सुमारे 80,000 पौंडांत झालं. भपका परवडणारच नव्हता, म्हणून कॅमेरा चेहऱ्यांना चिकटून राहतो आणि अरुंद खोल्यांत आपलाही जीव गुदमरतो. अत्याचार फारसा दाखवलेला नाही. आधीची तयारी आणि नंतरची थरथर दिसते, तेवढ्यानं पोटात खड्डा पडतो.

एक गोष्ट खटकली. केलीनं इथवर सगळं रेटत आणलं, आणि शेवटी निवाडा मात्र स्टुअर्टच्या हाती जातो. त्या भूमिकेत सॅम स्प्रूएल थंडपणे सुरेख काम करतो, पण स्टुअर्टचं मन आतून कसं चालतं हे कळायला आणखी दोन-तीन प्रसंग हवे होते.

ब्रिटनमध्ये याला 18 चं प्रमाणपत्र आहे, तेव्हा घरात मुलं जागी असताना लावू नका. लहानपणी असं काही सोसलेल्यांनी तर आधी कुणाला सोबत घ्यावं. सबटायटल्स हवीतच, डेरेकची लंडनी बोली त्याशिवाय अर्धीही कळणार नाही, आणि त्याच्या गोड बोलण्यातली धमकी चुकवून चालणार नाही.