नकली फर म्हणून खरं कातडं पाठवलं, कॉस्प्लेचे कान मागवणाऱ्यांनी हे वाचा

कॉस्प्लेसाठी, म्हणजे एखाद्या पात्राचं किंवा जनावराचं सोंग घ्यायला, कान, शेपटी असलं काही ऑनलाइन मागवणार असाल तर पैसे टाकायच्या आधी हे वाचून घ्या, लांबलंय थोडं पण लिहिल्याशिवाय राहवंना. पैशाला तर चुना लागलाच, पण त्याहून वाईट हे की एका माळकरी पोरीच्या डोक्यावर मेलेल्या जनावराचं कातडं चढवलं त्या विकणाऱ्या माणसानं, आणि तेही शंभर टक्के आर्टिफिशियल आहे असं चॅटवर लिहून देऊन.

मी परभणीची. आई ब्लाउज शिवते आणि मी शाळेच्या गॅदरिंगचे ड्रेस भाड्यानं देते, त्यामुळं ससा, वाघ, माकड यांचे कान आमच्या घरी कायमच पडलेले असतात. पण ते फोमशीटचे, स्टेजवर लांबून दिसायचे. कॉस्प्लेचं काम वेगळं असतं बघा, तिथं लोक अगदी जवळून फोटो काढतात, कान विगच्या केसांतूनच आलेत असं वाटायला पाहिजे. माझी मावसबहीण पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, तिला एका कॉस्प्लेच्या कार्यक्रमाला जायचं होतं आणि तिला खोकड करायचं होतं. सगळे जण नारंगी कोल्हा करतात, ज्याच्या कानाची मागची बाजू काळी असते, तो रेड फॉक्स. आपल्या माळरानावरचं खोकड तसं नसतं, ते राखाडी-भुरकट, अंगानं लहान, कान चांगले मोठे आणि कानांच्या कडा गडद, शेपटीचं टोक काळं. ती गंगाखेडची, बालाघाटाच्या बाजूला त्यांचं शेत आहे, तिनं लहानपणी ते पाहिलेलं, म्हणून तिला तेच पाहिजे होतं. मला ही कल्पना लई आवडली.

आता अडचण अशी की तसल्या रंगाचं फरचं कापड इकडं मिळंना. परभणीत नाही, संभाजीनगरला गुलमंडीत बघितलं तर टेडीचं पांढरं, चॉकलेटी आणि ते चमकणारं गुलाबी. त्यात गॅदरिंगचा सीझन, आमच्याकडं ऑर्डरींचा ढीग, म्हणून तयारच मागवू असं ठरलं. इन्स्टावर एक पेज सापडलं, हाताने बनवलेले कान, फोटो एकापेक्षा एक. कान आणि शेपटी मिळून ४२०० रुपये, निम्मे ॲडव्हान्स. मी त्याला तीनदा तरी विचारलं असेल की भाऊ, फर खरी तर नाही ना, आमच्याकडं पोरगी माळकरी आहे, घरात वारी आहे, चालणार नाही. तो म्हणला, "ताई बिनधास्त राहा, शंभर टक्के आर्टिफिशियल, क्रुएल्टी फ्री, आम्ही खरी फर हात पण लावत नाही." चॅट अजून आहे माझ्याकडं.

पार्सल आलं, बाकीचे पैसे आधीच घेतले होते त्यानं पाठवायच्या आधी. रंग बरा होता, फोटोसारखा नव्हता पण बरा. मऊ तर इतकं की आई म्हणली, एवढ्या पैशात एवढं चांगलं कापड कसं काय परवडलं ह्याला? बहीण सुट्टीला आली, घालून बघितलं, मावशीनं फोटो काढले. मग ती म्हणायली की ताई डाव्या कानातली तार टोचायली. म्हणून मी ब्लेडनं आतल्या अस्तराची शिलाई उसवली, तार वाकवून परत शिवावं म्हणून.

अस्तराच्या मागं कापड नव्हतंच. पांढरट, पातळ कातडं होतं, सुरकुत्या असलेलं, आणि एका कानात तीन बारके तुकडे कसेतरी जोडलेले. नखानं खरवडलं तर बारीक भुसा निघायला. आयुष्य कापडात गेलंय माझं, विणलेलं काय अन् कातडं काय हे हाताला लगेच कळतं. बहीण शेजारीच बसली होती, ती म्हणली, "ताई, हे कातडं आहे का गं?" मला तिला काय उत्तर द्यावं सुचंना. ती उठून डोक्यावरून आंघोळ करायला गेली, गळ्यातली माळ हातात धरून. नंतर दिवसभर जेवली नाही पोरगी. तिच्या आजीला आम्ही अजून सांगितलं नाही.

तरी खात्री करावी म्हणून अंगणात जाऊन चार केस चिमट्यात धरून काडी लावली. नकली फर ॲक्रिलिक, मोडॲक्रिलिक नाहीतर पॉलिस्टरची असते, म्हणजे प्लास्टिकच, ती वितळते, जळक्या प्लास्टिकचा वास येतो आणि थंड झाल्यावर बोटाला कडक गुठळी लागते. इथं केस भुरभुर जळाले, वास न्हाव्याच्या दुकानात केस जळाल्यावर येतो तसलाच, आणि राख चुरून गेली. पशुवैद्यकीय कॉलेजात शिकणारी एक मैत्रीण आहे, तिनं तिकडं मायक्रोस्कोपखाली केस बघितला, केसाच्या आत मक्याच्या कणसासारखे दाण्यांच्या ओळीच ओळी. ती म्हणली हा ससा आहे, सशाच्या केसात आतली पोकळी अशीच ओळींनी असते. एवढं ऐकून मला एका बाजूनं हायसं वाटलं, कारण मनात वेगळीच भीती होती. हे कातडं एखाद्या संरक्षित रानटी जनावराचं निघालं असतं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते नुसतं घरात ठेवणं पण गुन्हा आहे, आणि अडकलो असतो आम्ही. खोकडाचे कान मागितले होते आम्ही, उद्या कुणी खरोखर खोकडाचं कातडं लावून दिलं तर?

लोक विचारतात की खरं कातडं महाग असतं ना, मग नकली म्हणून कामून विकंल कोणी. तर तसं नाही. सशाच्या कातड्याचे बारके उरलेले तुकडे स्वस्तात जातात आणि चांगल्या प्रतीची, दोन थरांची नकली फर महाग पडते. हे फक्त आपल्याकडंच होतं असं पण नाही, इंग्लंडात २०१७ च्या आसपास दुकानांत नकली म्हणून विकलेल्या वस्तूंवरची फर तपासली तर सशाची, अगदी मांजराची सुद्धा निघाली होती. आपल्या देशात मिंक, फॉक्स, चिंचिला यांच्या फरच्या आयातीवर २०१७ पासून बंदी आहे, पण अशा घरगुती पेजवर कोण काय तपासणार.

मी त्याला फोटो पाठवले. आधी म्हणला ते लेदरचं बॅकिंग असतं, मग म्हणला सप्लायरनं फसवलं, मग म्हणला ठीक आहे रिफंड देतो आणि एक क्यूआर पाठवला, म्हणे स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. हे नीट लक्षात घ्या, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला म्हणजे तुमच्या खात्यातून पैसे गेले. मी टाकला नाही. तसं लिहिल्याबरोबर त्यानं ब्लॉक केलं. त्याच्या पेजवरचे फोटो गूगल लेन्सवर टाकले तर अर्धे परदेशातल्या एका बाईच्या पेजवरून उचललेले निघाले, बिचारीला पत्ता पण नसंल.

सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन केला, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली. पैसे गेल्याबरोबर लगेच केला तर समोरच्याच्या खात्यात पैसे अडवता येतात, उशीर झाला की तो काढून घेतो, म्हणून पार्सलची वाट बघत बसू नका, ब्लॉक केलं की त्याच दिवशी लावा. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला पण नोंद केली. तिथं मला एक गोष्ट कळली जी आमच्यासारख्या छोट्या धंदेवाल्या बायकांना माहीत नसते, २०१९ च्या ग्राहक कायद्यात स्वतःच्या पोटापाण्याच्या कामासाठी घेतलेली वस्तू असंल तरी तुम्ही ग्राहकच, आणि तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, विक्रेता कुठला का असंना. पाच लाखापर्यंतच्या वस्तूला फी पण नाही. तो कान मी फेकला नाही, उसवलेला तसाच पिशवीत सील करून ठेवलाय, पुरावा म्हणून.

आता तयार कान घेताना काय बघायचं ते सांगते. विक्रेत्याला व्हिडिओ मागा, त्यात त्यानं बोटानं फर बाजूला करून मुळापर्यंत दाखवायची. नकलीत मुळाशी विणलेली जाळी दिसते, धागे ओळीनं बसलेले, खऱ्यात केस सरळ कातड्यातून निघतात आणि खाली आखूड दाट लव असते. केसाचं टोक निमुळतं असलं म्हणजे खरी असं काही जण सांगतात, पण आता नकलीतही निमुळती टोकं येतात, त्याच्यावर एकट्यावर जाऊ नका. अस्तर सगळीकडून चिकटवून बंद केलेलं असंल आणि तो उघडून दाखवायला नाही म्हणत असंल तर घेऊ नका, बास.

आणि जमत असंल तर स्वतःच करा. मी शेवटी पांढरं टेडीचंच कापड आणलं आणि बहिणीनं ॲक्रिलिक रंग पाण्यात पातळ करून दात घासायच्या ब्रशनं कडा रंगवल्या, वाळताना सारखं विंचरत राहायचं नाहीतर केस चिकटतात. कापड कधीच कात्रीनं समोरून कापू नका, उलटं करून मागून ब्लेडनं फक्त जाळी कापायची, केस शाबूत राहतात. मागच्या बाजूला केसांची दिशा बाणानं काढून ठेवा, केस कानाच्या टोकाकडं गेले पाहिजेत, आणि डावा उजवा कान आरशातल्यासारखे उलटे कापा, नाहीतर दोन्ही डावेच होतात. आत ताठपणाला बकरम किंवा पातळ फोमशीट, कडेनं तार, तारेचं टोक वळवून त्याच्यावर चिकटपट्टी. टीप मारताना केस आत ढकला, नंतर शिलाईत अडकलेले सुईनं ओढून बाहेर काढा, मग शिलाई दिसतच नाही. ग्लू गन कमी गरम ठेवा आणि इस्त्री तर लांबच, नकली फर वितळते. खोकडाला कान उंच लागतात, बूड अरुंद, मांजरासारखं रुंद बूड घेतलं की सगळं बिघडतं.

बहीण तेच घालून गेली. तक्रार नंबर मिळालाय, पैसे अजून आलेले नाहीत, आणि त्या माणसानं पेजचं नाव बदललंय पण फोटो तेच आहेत, एका फोटोत मागं निळ्या फरशीवर लाल रंगाचा ग्लू गन पडलेला दिसतो. तसला फोटो कुठल्याही नावाच्या पेजवर दिसला तर ॲडव्हान्स टाकू नका.