डिस्लेक्सियासाठी एकास एक रेमेडियल: सहा-सात महिन्यांनंतर

मुलगी चौथीत, मराठी माध्यम. गोष्ट ऐकवली की जशीच्या तशी सांगते, तीच पुस्तकातून वाच म्हटलं की रडू. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अडचण, म्हणून गंगापूर रोडवरच्या एका केंद्रात आठवड्यातून तीनदा रेमेडियलला, म्हणजे जिथे अडतं तिथून शिकवणाऱ्या खास शिकवणीला, नेते.

मूल्यमापनाआधी त्यांनी डोळे आणि कान तपासून आणायला सांगितलं, हे आवडलं. मग बुद्ध्यांक चाचणी, वाचन, श्रुतलेखन, गणित. बुद्ध्यांक उत्तम, वाचन मात्र दुसरीच्या मुलाइतकं. रिपोर्टचं खरं मोल शेवटच्या पानाला, तिथे ती नेमकी कुठे अडते ते लिहिलंय: रफार, पहिली वेलांटी, जोडाक्षरं, घ-ध, भ-म. आधीच्या शिकवणीत तोच धडा पुन्हा पुन्हा वाचून घ्यायचे. इथे शिकवणं सुरू झालं ते या पानावरून.

पद्धत ऑर्टन-गिलिंगहॅम, म्हणजे 1930 च्या दशकात इंग्रजीसाठी बेतलेली. बघणं, ऐकणं, बोलणं, गिरवणं सगळं एकदम. 'सूर्य' शब्दात र आधी ऐकू येतो, पण लिहायचा य च्या डोक्यावर. लेक तो सरळ गाळायची. तिला शिकवणाऱ्या बाईंनी आधी आवाज सुटे केले, प्रत्येक आवाजाला एक सोंगटी सरकवायला लावली, मग ताटातल्या रव्यात बोटाने म्हणत म्हणत लिहून घेतलं. 'पर्वत', 'गर्दी', 'मार्ग' जमेपर्यंत पुढचं काही नाही. हल्ली दुकानांच्या पाट्या स्वतःहून वाचते. वेग अजून कमीच आहे आणि शुद्धलेखनाचं तर विचारूच नका.

तक्रारी आहेत. इंग्रजीची कार्डं, पुस्तकं ढीगभर. मराठीचं साहित्य बाई स्वतः हाताने बनवतात. मध्यंतरी त्या रजेवर गेल्या, तर बदली शिक्षिकेने सरळ शाळेचा गृहपाठ करून घेतला. फी पूर्ण घेतली. घरीही रोज सराव लागतोच, नाहीतर सुट्टीनंतर रफार पुन्हा गायब!

आणखी एक. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातलाच) येते, पण त्यासाठीचं दिव्यांग प्रमाणपत्र सरकारी यंत्रणेकडूनच मिळतं, खासगी केंद्राचा रिपोर्ट त्याऐवजी चालत नाही. आम्हाला हे पैसे भरल्यावर कळलं.

पाचपैकी साडेतीन, त्यातले तीन एकट्या बाईंचे. नाव घालण्याआधी मराठीचं साहित्य बघायला मागा, आणि बाई रजेवर असतील तर तास कोण घेणार तेही विचारून घ्या.