सोलापुरी चादर: परदेशातून येणाऱ्या व्याह्यांसाठी कोणती घ्यावी

मुलीचे सासू-सासरे अमेरिकेहून किंवा इंग्लंडहून पहिल्यांदा सोलापुरात येणार म्हटलं की घराच्या रंगापासून पाहुण्यांच्या खोलीतल्या गादीपर्यंत सगळं नव्याने काढलं जातं. त्यात चादरी दोनदा लागतात: एक मुक्कामात पांघरायला आणि एक निघताना आहेरात. व्याही-विहीण सोलापुरातून चादरीविना गेले तर आपल्या गावाची शोभा ती काय! पण आहेराची चादर बहुतेक जण नक्षी आणि रंग बघून घेतात. आमचं मत स्पष्ट आहे: आधी माप, मग वजन आणि वीण, नक्षी सगळ्यात शेवटी. चादर हौसेने नेली आणि तिकडच्या पलंगाला पुरलीच नाही, तर ती कपाटातच पडून राहते.

सिंगल चादर साधारण ६० बाय ९० इंच, म्हणजे पाच फूट बाय साडेसात. अमेरिकेतल्या क्वीन मापाच्या गादीची रुंदीच ६० इंच. म्हणजे सिंगल चादर गादीच्या काठाला येऊन थांबते, बाजूला बोटभरही लोंबत नाही, आणि दोघांनी पांघरली की रात्रभर ओढाताण. तिथे ९० बाय १०० ची डबलच हवी. ती दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा इंच उतरते. हे पंधरा इंच महत्त्वाचे, कारण तिकडच्या गाद्या दहा-बारा इंच जाड असतात, आपल्यासारख्या चार-सहा इंचांच्या नव्हेत. किंग गादी ७६ इंच रुंद असते. तिच्यावर डबलसुद्धा दोन्हीकडे सात इंचच उतरते, म्हणून तिथे ती पायथ्याशी घडी घालून किंवा सोफ्यावर टाकायला चांगली. इंग्लंडमधली डबल गादी १३५ बाय १९० सेंटिमीटर, किंग १५० बाय २००. दोन्हींना आपली डबल व्यवस्थित पुरते. तेव्हा खरेदीला निघण्याआधी लेकीला फोन करून पलंगाचं माप विचारून घ्या.

दुकानात टेप मागून चादर स्वतः मोजा, आणि दशा सोडून मोजा. काही ठिकाणी दशांसकट लांबी सांगतात. सुती माल पहिल्या धुण्यात आटतोही. ९० इंचांतले दोन-तीन इंच गेले तर नवल नाही.

वजनाचं थोडं नीट समजून घ्या. चांगली सिंगल साधारण सव्वा ते दीड किलो भरते, डबल दोन किलोच्या वर जाते. पण नुसता काटा बघून फसू नका. कमी सुताच्या चादरीला जास्त खळ दिली की ती हाताला जाड लागते, वजनही दाखवते, आणि पहिल्या धुण्यानंतर लिबलिबीत होते. ओळखायचं असं: चादरीचा एक कोपरा गडद कापडावर धरून दोन्ही तळव्यांत जोरात चोळा. पांढरी भुकटी पडली तर ती खळ. मग चादर उलगडून ट्यूबलाइटसमोर धरा. वीण सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. मध्येच विरळ पट्टा किंवा आडवी रेघ दिसली तर बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटलेला किंवा सुटलेला आहे. असा माल ‘सेकंड’ म्हणून स्वस्तात मिळतो. घरी वापरायला हरकत नाही, आहेरात नको.

उलटी बाजू जरूर बघा. जकार्ड मागावरची नक्षी विणीतच असते, त्यामुळे मागच्या बाजूला तीच फुलं, तोच मोर, फक्त रंगांची अदलाबदल झालेली. पुढे मोर लाल आणि जमीन पांढरी, तर मागे मोर पांढरा आणि जमीन लाल. मागची बाजू फिकट, पुसट असेल तर ती छापील चादर. दशांतला एक सुटा धागा मागून घेऊन दुकानाबाहेर जाळून बघा: कागद जळल्याचा वास आणि बोटात चुरणारी राख म्हणजे सूत, टणक मणी उरला तर त्यात पॉलिस्टर आहे. सोलापूरची चादर आणि टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे, पण पिशवीवर ‘सोलापुरी’ छापलं म्हणजे माल इथलाच असतो असं नाही. बाहेरच्या गावांत विणलेला मालही त्या नावाने विकला जातो. शिवलेलं लेबल वाचा, पक्कं बिल घ्या.

एक-दोन नग हवे असतील तर नवी पेठ सोयीची. डझनाने घ्यायच्या असतील तर पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत कारखान्यालगतची दुकानं गाठा. तिथे एकाच नक्षीचे चार रंग समोर पसरून दाखवतात. परदेशातले पाहुणे बहुधा डिसेंबर-जानेवारीत येतात आणि तेव्हाच गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, गर्दी असते. त्या गर्दीत उभ्याउभ्या चादर निवडू नका, उलगडून बघायला जागाच मिळत नाही.

रंगासाठी ओला पांढरा रुमाल चादरीवर दहा सेकंद घासा. रुमाल रंगला तर ती चादर तिकडच्या पांढऱ्या बेडशीटला रंगवणार. मिठाच्या पाण्याने रंग पक्का होतो हा समज सोडा. सैल रंग थंड पाण्याच्या दोन-तीन धुण्यांत निघून जातो, एवढंच खरं.

पाहुण्यांना पांघरायला द्यायची चादर आधी दोनदा धुवा. नव्या चादरीचा भुसा उडतो, आणि लांबच्या प्रवासाने आधीच घसा धरलेल्या माणसाला त्याचा त्रास होतो. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी, तेव्हा पाण्याच्या दिवसाचा हिशेब पाहुणे यायच्या आठवडाभर आधीच जमवा. वाळत घालताना दोन दोऱ्यांवर पसरून घाला. एकाच दोरीवर ओली चादर वजनाने मधोमध ताणते.

आता तिचा दोष. सोलापुरी चादर अंगाला रांगडी लागते, पिसांच्या मऊ रजया पांघरणाऱ्यांना तर टोचतेच. खाली पातळ सुती चादर किंवा दोहर द्या, वर ही. जानेवारीत रात्री पारा पंधरा-सोळा अंशांपर्यंत उतरतो, तेवढ्याला ही जोडी पुरते. मे महिन्यात एसी लावलेल्या खोलीतही हेच करा. अंथरायला मात्र ती वापरू नका. रोज बदलायची म्हटली तर धुणाऱ्याचे हात दुखतात.

टॉवेल द्यायचे तर ७५ बाय १५० सेंटिमीटरचा, साडेचारशे जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला साडेचारशे ग्रॅम भरणारा, घ्या. तो अर्ध्या किलोच्या आसपास भरतो आणि लवकर वाळतो. दोन-तीन धुण्यांपर्यंत नवा टॉवेल पाणी नीट टिपत नाही, हे व्याह्यांना सांगून ठेवा. फॅब्रिक कंडिशनर टाकला तर तो कधीच नीट टिपणार नाही. टॉवेलच्या विणीतला धाग्याचा फास बाहेर निघाला तर ओढायचा नाही, कात्रीने कापायचा.

सामानाचं गणित असं: विमानात एका बॅगेला बहुधा २३ किलो. दोन डबल चादरी आणि चार टॉवेल म्हणजे सहा-सात किलो गेले. हवा काढायच्या पिशवीने जागा वाचते, वजन नाही. सोबत शेंगा चटणी देणार असाल तर बंद पाकिटातली द्या आणि चेक-इन बॅगेत ठेवा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी ती उतरल्यावर जाहीर करावीच लागते.

चादरीच्या घडीत धुण्याची चिठ्ठी ठेवा, इंग्रजीत: थंड पाणी, हलकं चक्र, पहिल्या तीन वेळा वेगळी धुवावी, ब्लीच नको, दशा गुंतू नयेत म्हणून मोठ्या जाळीच्या पिशवीत घालावी, ड्रायर लावलाच तर कमी तापमानावर आणि थोडी दमट असतानाच बाहेर काढावी.