ली-एनफील्डचे तीन लाकडी नमुने : काम सुबक, संगिनींकडे मात्र लक्ष हवे

माझे आजोबा बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत शिपाई होते. त्यांच्या फोटोशेजारी ठेवण्यासाठी मी खानापूर तालुक्यातील एका सुतारांकडून ब्रिटिश सैन्याच्या ली-एनफील्ड रायफलीचे अर्ध्या मापाचे तीन नमुने ७,५०० रुपयांना करवून घेतले. शॉर्ट मार्क ३, क्रमांक ४ आणि ‘जंगल कार्बाइन’ म्हणून ओळखली जाणारी आखूड क्रमांक ५ असे हे नमुने आहेत.

सागवानाचे काम उत्कृष्ट आहे. मार्क ३ चे बोथट तोंड आणि क्रमांक ४ ची लाकडाबाहेर थोडी डोकावणारी नळी हा फरक त्यांनी नेमका टिपला आहे. आखूड नळीमुळे कार्बाइनच्या तोंडाशी मोठा जाळ होई, तो झाकणारा शंकूही देखणा उतरला आहे.

संगिनींत मात्र चूक झाली. पहिल्या खेपेस तिन्ही रायफलींना एकच पाते लावले होते, आणि ही चूक किरकोळ नाही, कारण मार्क ३ ही आधीच्या लांब ली-एनफील्डपेक्षा आखूड असल्याने संगिनीची पोच कमी पडू नये म्हणून १९०७ साली तिला १७ इंची पाते दिले गेले, तर क्रमांक ४ ला आठ इंची, सुळ्यासारखी साधी संगीन पुरेशी मानली गेली. कार्बाइनच्या संगिनीचे पाते सुरीसारखे असते आणि तिचे नळीच्या तोंडावर चढवायचे कडे शंकूवर बसावे म्हणून मोठे असते. मी हे समजावून सांगताच सुतारांनी जादा पैसे न घेता दोन संगिनी नव्याने घडवल्या. कार्बाइनचे कडे अजूनही लहान आहे.

मार्क ३ च्या संगिनीला मुठीजवळ हुकासारखा वळलेला आकडा ठेवला आहे. दिसायला तो सुंदर असला, तरी १९१३ मध्ये तो काढून टाकण्यात आला होता. शिवाय दुसऱ्या महायुद्धात भारतात सुमारे १२ इंची पात्याच्या आखूड संगिनीही तयार झाल्या. आजोबा त्याच युद्धातले असल्याने मला तीच हवी होती, पण मागणी देताना मी साल सांगितले नाही, ही माझी चूक. आपल्या घरातील शिपायाची आठवण म्हणून नमुना घेणाऱ्यांनी रायफलीचे नाव, साल आणि संगिनीचा प्रकार या तिन्ही गोष्टी कागदावर लिहून द्याव्यात.