सबस्क्रिप्शन बॉक्सचा कारभार नो-कोडवर: तयार प्लॅटफॉर्म, एअरटेबल की बबल?

वर्गणीदारांना दर महिन्याला वस्तूंचा बॉक्स पाठवण्याच्या या धंद्यात महिन्यातला एकच दिवस खरा अवघड असतो, कट-ऑफचा. कोणाचे पैसे आले, कोणी हा महिना वगळला, कोणाचा पत्ता बदलला, कोणाला कुठली वस्तू चालत नाही, हे सगळं त्या दिवशी गोठवून पॅकिंगच्या टेबलावर एक पक्की यादी जावी लागते. कोड न लिहिता (म्हणजे नो-कोडने) अॅप कशावर बांधायचं याचा निकाल या दिवसाच्या कामावर लावा. लॉगिनचं पान, वस्तूंचे फोटो, खात्याची माहिती हे आज कुठल्याही साधनावर शनिवार-रविवारात उभं राहतं.

समोर पाच वाटा आहेत:

| वाट | कार्डवरची वसुली | बिल कशावर वाढतं | कुठे अडतं |
|---|---|---|---|
| सबली, क्रेटजॉयसारखे तयार प्लॅटफॉर्म | आतच | मासिक शुल्क, विक्रीतला वाटा | प्रत्येकाचा बॉक्स वेगळा असला की |
| शॉपिफाय आणि सबस्क्रिप्शन अॅप (रिचार्ज वगैरे) | शॉपिफायच्या चेकआउटमधून | दुकानाचा प्लॅन, वर अॅपचं शुल्क | बॉक्सच्या आतल्या वस्तूंचा हिशेब |
| एअरटेबल (डेटाबेस), सॉफ्टर (ग्राहकांचं पोर्टल), मेक किंवा झॅपियर (ऑटोमेशन), स्ट्राइप (पैशांची वसुली) | स्ट्राइप, वेबहुकने (घटना घडताच आपोआप येणारी खबर) जोडून | संपादन करणारी माणसं, पोर्टलचे वापरकर्ते, ऑटोमेशनच्या पायऱ्या | रेकॉर्डची (ओळींची) मर्यादा, एपीआयचा (एका साधनाने दुसऱ्यातला डेटा वाचण्या-लिहिण्याचा मार्ग) वेग |
| ग्लाइड, अॅपशीट (डेटाच्या टेबलावरून अॅप करणारी साधनं) | बाहेर ठेवलेली बरी | वापरकर्ते. ग्लाइडमध्ये अपडेटसुद्धा | ग्राहकांसाठीचं दुकान म्हणून |
| बबल (पूर्ण वेब अॅप बांधण्याचं साधन) | स्ट्राइप, प्लगइन किंवा एपीआय कनेक्टरने | वर्कलोड युनिट (सर्व्हरने केलेल्या कामाचं माप) | शिकायला लागणारा वेळ, कोड बाहेर नेता न येणं |

सगळ्यांना एकच बॉक्स?

तसं असेल तर काही बांधू नका. तयार प्लॅटफॉर्म घ्या, किंवा दुकान आधीच शॉपिफायवर असेल तर त्यात सबस्क्रिप्शन अॅप टाका. वगळणं, थांबवणं, कार्ड बदलणं, नापास झालेलं पेमेंट पुन्हा मारणं ही कामं तिथे वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झाली आहेत. ती नव्याने बांधण्यात शहाणपण नाही.

शॉपिफायच्या बाबतीत दोन गोष्टी आधी तपासा. सबस्क्रिप्शन प्रत्येक पेमेंट गेटवेवर चालत नाही. तुमच्या खात्याला मिळणारा गेटवे त्यात बसतो का ते पाहा. दुसरं म्हणजे तिथला साठा विकलेला ‘बॉक्स’ मोजतो. आत गेलेल्या पाच वस्तूंपैकी एक संपत आली आहे हे त्याला आपोआप कळत नाही. त्यासाठी बंडल (वस्तूंचे गट) मांडावे लागतात, आणि दर महिन्याला आतला माल बदलत असेल तर ते बंडलही दर महिन्याला नव्याने.

प्रत्येकाचा बॉक्स थोडाफार वेगळा असेल (माप, रंग, आवडनिवड, आधी मिळालेली वस्तू पुन्हा नको), तरच पुढचा विचार करा.

पैसे आणि बॉक्स जोडताना काय फसतं

एअरटेबल असो वा बबल, हा भाग दोन्हीकडे सारखाच आहे आणि बहुतेक घोटाळे इथेच होतात. वसुलीचं यंत्र स्वतः बांधू नका. ते स्ट्राइपवर सोडा. तुमच्या डेटाबेसने फक्त एक प्रश्न सोडवायचा: या माणसाला आपण किती बॉक्स देणं लागतो?

सरळ उपाय म्हणून लोक स्ट्राइपमधली ‘अॅक्टिव्ह’ स्थिती वाचतात आणि त्यावरून यादी काढतात. ग्राहकाने महिना वगळला, तुम्ही स्ट्राइपमध्ये त्याची वसुली तात्पुरती थांबवली, तरी सबस्क्रिप्शन ‘अॅक्टिव्ह’च राहतं. पैसे न देता बॉक्स त्याच्या घरी पोचतो. उलट बाजूला, सहा महिन्यांचे पैसे एकदम भरलेल्या माणसाचा इन्व्हॉइस एकदाच येतो. दर इन्व्हॉइसला एक बॉक्स असा नियम लावला तर त्याला एकच मिळतो.

म्हणून खातेवही ठेवा. ‘जमा’ नावाचं एक टेबल: पैसे आले की एक ओळ, त्यात बॉक्सची संख्या (1, 3, 6, 12) आणि इन्व्हॉइस क्रमांक. ‘बॉक्स’ नावाचं दुसरं टेबल: कट-ऑफला निघालेला प्रत्येक बॉक्स म्हणजे एक ओळ. शिल्लक म्हणजे जमेची बेरीज वजा निघालेले बॉक्स. वगळणं, भेट, उशिरा आलेलं पेमेंट, हरवलेल्या पार्सलची भरपाई हे सगळं या एका वजाबाकीत बसतं. भरपाई द्यायची असेल तर हाताने जमेची एक ओळ टाकायची, बस.

जमेची ओळ ‘इन्व्हॉइस पेड’ या वेबहुकवर तयार करा, पण चाळणी लावून. बिलिंगचं कारण ‘सबस्क्रिप्शन क्रिएट’ किंवा ‘सबस्क्रिप्शन सायकल’ असेल तरच ओळ घ्या. मधेच प्लॅन बदलला की ‘सबस्क्रिप्शन अपडेट’ कारणाने वेगळा इन्व्हॉइस निघू शकतो आणि चाळणी नसेल तर दुसरा बॉक्स मंजूर होतो. रक्कम शून्य असलेले इन्व्हॉइसही ‘पेड’ म्हणून येतात. सुरुवातीला काहीच रक्कम न घेता ट्रायल सुरू झाली की असा एक हमखास येतो; तेही गाळा. एकरकमी भेट साध्या चेकआउटमधून घेत असाल तर तिची घटना वेगळी, ‘चेकआउट सेशन कम्प्लीटेड’. ही घटना सबस्क्रिप्शनच्या चेकआउटलाही येते, म्हणून सेशनचा प्रकार ‘पेमेंट’ आहे का ते बघूनच जमा करा.

स्ट्राइप तोच वेबहुक दोनदा पाठवू शकतं आणि क्रमाचीही हमी देत नाही. ग्राहक तयार झाल्याची खबर पैसे आल्याच्या खबरेनंतरही येऊ शकते. त्यामुळे जमेची ओळ टाकताना इन्व्हॉइस क्रमांकावर ‘असेल तर बदल, नसेल तर नवी’ असं अपसर्ट वापरा. ग्राहक सापडला नाही तर तिथेच तयार करा, आणि शोधताना स्ट्राइपचा ग्राहक क्रमांक घ्या. ईमेलवर जोडलं तर भेट देणारा आणि घेणारा यांची गल्लत ठरलेली. मेकमध्ये सिनॅरिओच्या (म्हणजे ऑटोमेशनच्या) सेटिंगमधलं क्रमवार प्रक्रियेचं बटण चालू करा. नाहीतर एकाच क्षणी आलेल्या जुळ्या खबरा दोघीही ‘ओळ नाही’ असं पाहून दोन ओळी टाकतात.

आता तारखा. वसुली 1 तारखेला आणि कट-ऑफ 10 तारखेला धरू. स्ट्राइपच्या स्मार्ट रिट्राइजची (नापास पेमेंट पुन्हा मारण्याची सोय) मूळ मांडणी दोन आठवड्यांत आठ प्रयत्न अशी आहे, म्हणजे काही पैसे 13 तारखेला येणार आणि बॉक्स तर निघून गेलेला. मुदत एक आठवड्यावर आणा. कट-ऑफची वेळ मध्यरात्र ठेवू नका: ‘10 तारखेची मध्यरात्र’ म्हणजे नक्की कुठली यावर ग्राहक भांडतात आणि स्ट्राइपमधल्या वेळा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असतात. संध्याकाळी 6 ठेवा आणि ग्राहकाला दिसणाऱ्या पानावर तसंच लिहा. महिन्याच्या मधे आलेल्या नव्या सबस्क्रायबरसाठी चेकआउटमध्ये पहिल्या बॉक्सची एकवेळची रक्कम घाला आणि सबस्क्रिप्शनला पुढच्या वसुलीच्या तारखेपर्यंत ट्रायल द्या. पहिले पैसे लगेच येतात, सगळ्यांची वसुली एका तारखेवर राहते, आणि अर्धवट महिन्याच्या रकमा कोणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत.

एअरटेबल किती दिवस पुरेल

400 सबस्क्रायबर, बॉक्समध्ये 5 वस्तू. प्रत्येक बॉक्सची प्रत्येक वस्तू वेगळी ओळ म्हणून लिहिली तर महिन्याला 400 जमा, 400 बॉक्स आणि 2,000 वस्तूंच्या ओळी, म्हणजे 2,800 रेकॉर्ड. एअरटेबलच्या फुकट प्लॅनमध्ये एका बेसला (डेटाबेसला) 1,000 रेकॉर्ड मिळतात; पहिल्याच कट-ऑफला संपले. टीम प्लॅनचे 50,000 साधारण 17 महिने पुरतील.

मांडणी बदलली की हिशेब बदलतो. महिन्याचे सहा ‘संच’ ठरवा, प्रत्येक बॉक्सला एक संच जोडा, आणि ज्याची एखादी वस्तू बदलायची आहे त्याच्यासाठीच अपवादाची ओळ लिहा. मग 400 जमा, 400 बॉक्स, संचांच्या 30 ओळी: 830. अपवाद थोडे असतील तर 50,000 रेकॉर्ड जवळपास पाच वर्षं पुरतात. पॅकिंगवालेही खूश, कारण सहा ढीग लावणं 400 वेगळ्या याद्या वाचण्यापेक्षा कितीतरी सोपं.

वेगाचंही पाहा. एअरटेबलची एपीआय एका बेसला सेकंदाला 5 मागण्या घेते. त्याहून जास्त झाल्या की 429 चूक देते आणि 30 सेकंद थांबायला लावते. 2,000 ओळी एकेक करून लिहायला किमान 6 मिनिटं 40 सेकंद लागतात. एका मागणीत 10 ओळी पाठवल्या तर 40 सेकंद. अर्धवट थांबलेला कट-ऑफ पुन्हा चालवताना बॉक्स दुप्पट होऊ नयेत म्हणून ‘फेरी अधिक ग्राहक’ असा जोडक्रमांक ठेवा (फेरी म्हणजे त्या महिन्याचा कट-ऑफ) आणि इथेही अपसर्टच वापरा.

पत्ता मात्र लुकअप फील्डने (दुसऱ्या टेबलातली माहिती तिथूनच दाखवणाऱ्या) आणू नका. लुकअप जिवंत असतो: लेबल छापून झाल्यावर ग्राहकाने पत्ता बदलला की जुन्या बॉक्सच्या ओळीतही नवा पत्ता दिसतो, आणि परत आलेलं पार्सल कुठे गेलं होतं हे कोणालाच सांगता येत नाही. कट-ऑफला पत्ता साध्या मजकुराच्या फील्डमध्ये उतरवून घ्या. बबलमध्येही हाच नियम.

ऑटोमेशनच्या बिलाबद्दल थोडक्यात: झॅपियर यशस्वी कृतींचे टास्क मोजतं, ट्रिगर आणि फिल्टर मोजत नाही. मेक प्रत्येक मॉड्यूलची (पायरीची) फेरी मोजतं, आणि दर 15 मिनिटांनी ‘काही नवीन आहे का’ असं विचारणारा सिनॅरिओ रिकाम्या हाती परतला तरी 30 दिवसांत 2,880 वेळा मोजला जातो. वेबहुक वापरा, हा खर्च पडत नाही.

बबल कधी?

ग्राहकाने स्वतः पानावर वस्तू निवडायच्या आणि निवडताक्षणी साठा राखून ठेवायचा, असा आग्रह असेल तेव्हा लोक बबलकडे जातात. ताकद खरी आहे: स्वतःचा डेटाबेस, बॅकएंड वर्कफ्लो (पडद्यामागे आपोआप चालणारी कामं), चाचणी आणि प्रत्यक्ष वापर यांचे वेगळे डेटाबेस. पण नेमकं साठा राखणंच तिथे सोपं नाही. शेवटचा एक नग उरला असताना दोन वर्कफ्लो एकाच क्षणी धावले तर दोघांनाही 1 दिसू शकतो, आणि दोघंही तो घेतात. मग प्रत्येक नगाची वेगळी ओळ करा, राखण्याच्या विनंत्या रांगेतून सोडा, पंधरा मिनिटांनी न वापरलेली राखण सोडवा, अशी शेपटं लागत जातात. 2023 पासून बबल वर्कलोड युनिटवर बिल लावतं, तेव्हा या प्रत्येक शेपटाचे पैसे पडतात.

आमचा सल्ला: जिवंत निवड सोडून द्या. ग्राहकाकडून क्रमाने तीन पसंत्या घ्या आणि कट-ऑफच्या दिवशी वाटप करा. पहिली संपली तर दुसरी. जुन्या सबस्क्रायबरला आधी नंबर द्या, म्हणजे वादही कमी. ही एक तडजोड केली की बबलची गरज बहुतेक वेळा उरत नाही आणि एअरटेबलपुढे सॉफ्टरचं पोर्टल पुरतं. तरीही बबलच हवं असेल, तर यादीवर चालणारा वर्कफ्लो संपल्यावर बॉक्सची संख्या मोजून पाहा, कारण मधला एखादा फसला तरी बाकीचे पुढे चालत राहतात. आणि बबलमधून डेटा सीएसव्हीत काढता येतो, अॅपचा कोड काढता येत नाही, हे मनात ठेवूनच पाऊल टाका.

ग्लाइड आणि अॅपशीट पॅकिंगच्या टेबलासाठी उत्तम. अॅपशीटमध्ये बारकोड स्कॅनिंग आणि इंटरनेट नसताना काम करण्याची सोय आहे, गोदामात ती उपयोगी पडते. ग्लाइड दिसायला देखणं, पण ग्राहकांचा डेटा त्यात ठेवणार असाल तर रो ओनर्स (ओळ फक्त तिच्या मालकालाच मिळेल अशी सोय) लावा. नुसता फिल्टर लावून लपवलेल्या ओळीही फोनवर उतरतात. सॉफ्टरमध्ये ब्लॉक लपवणं आणि बबलमध्ये ग्रुप लपवणं हेही कुलूप नव्हे. सॉफ्टरमध्ये डेटावरचे निर्बंध आणि बबलमध्ये प्रायव्हसी रूल्स लावावे लागतात.

सही करण्यापूर्वी

साधन कुठलंही घ्या, स्ट्राइपचं खातं कोणाच्या नावावर आहे ते विचारा. साठवलेली कार्डं पेमेंट कंपनीकडे असतात. खातं तुमचं असेल तर उद्या एअरटेबल सोडून बबलवर गेलात तरी कार्डं जागच्या जागी राहतात. नसेल, तर सगळ्या ग्राहकांना कार्ड पुन्हा भरायला सांगण्याची पाळी येऊ शकते, आणि सगळे भरत नाहीत.

चाचणी स्ट्राइपच्या टेस्ट क्लॉकवर घ्या, त्यात तारीख पुढे ढकलता येते. एका घड्याळाला तीनच ग्राहक जोडता येतात, म्हणून खालच्या पाच ग्राहकांसाठी दोन घड्याळं लागतील. तुमच्या डेटाबेसची तारीख मात्र त्याच्याबरोबर सरकत नाही. यासाठीच कट-ऑफचं सूत्र ‘आज’वर न बांधता फेरीच्या ओळीत लिहिलेल्या तारखेवर बांधा. पाच खोटे ग्राहक करा: एक नियमित, एक पहिला महिना वगळणारा, एक ज्याचं पहिलं पेमेंट कट-ऑफनंतर येतं, एक सहा महिन्यांची भेट मिळालेला, आणि एक पहिल्या कट-ऑफनंतर पत्ता बदलणारा. एका कट-ऑफला एका माणसाला एकच बॉक्स, हा नियम ठेवून दोन कट-ऑफ चालवा. अनुक्रमे 2, 1, 1, 2, 2 असे एकूण 8 बॉक्स निघाले पाहिजेत. उशिरा पैसे देणाऱ्याच्या खात्यात 1 आणि भेटवाल्याच्या खात्यात 4 शिल्लक हवेत. 9 निघाले तर बहुधा कुठेतरी ‘अॅक्टिव्ह’ स्थिती वाचली जात आहे. 7 निघाले तर भेटीची जमा 6 ऐवजी 1 पडली आहे का ते पाहा.